कण्हेर खाऊन वाढलेलं फुलपाखरू विषारी असतंच का?

रानवाट्या

फुलपाखरं बघायला गेलेल्या कुठल्याही गटात हे ऐकू येतं: "कॉमन क्रोची अळी कण्हेर खाते, कण्हेर विषारी, म्हणून फुलपाखरूही विषारी, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत." अळी कण्हेर खाते हे खरं. पक्षी सहसा टाळतात हेही खरं. पण मधला "म्हणून" टिकत नाही. तो का टिकत नाही यावर गेली काही वर्षं वाचतोय, त्यातलं इथे मांडतो.

आधी रुई घेऊ, कारण तिची गोष्ट सरळ आहे. रुईचं पान तोडलं की पांढरा चीक भळाभळा येतो. त्या चिकात कार्डेनोलाइड गटातली विषं असतात, म्हणजे हृदयावर काम करणारी. प्राण्यांच्या जवळपास प्रत्येक पेशीच्या आवरणात सोडियम-पोटॅशियमचा पंप असतो. तो दर फेरीला ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. मज्जातंतू आणि हृदय यांचं सगळं काम या पंपावर चालतं. कार्डेनोलाइड त्या पंपाच्या एका खोबणीत जाऊन बसतं आणि पंप बंद पाडतं. हृदयाच्या रुग्णांना मोजून देतात ती डिगॉक्सिनची गोळी याच कुळातली आणि याच पंपावर चालणारी. फरक फक्त मात्रेचा.

आता त्याच रुईवर प्लेन टायगरची (बिबळ्या कडवा) पट्टेरी अळी आरामात पोसते. तिचं खाणं जवळून बघा. बरेचदा ती आधी पानाची मधली शीर किंवा देठ कुरतडते, चिकाचा दाब तिथे निघून जातो, आणि मग कुरतडल्या जागेच्या पुढचा भाग ती खाते. हे विषापेक्षा चिकटपणासाठी असतं. चिकात तोंड अडकलं तर लहान अळी तिथेच मरते.

एवढं करूनही विष पोटात जातंच. पुढे काय होतं, याचा सगळ्यात सखोल अभ्यास टायगरच्या अमेरिकी भाऊबंदावर, मोनार्कवर झाला आहे. १९६७ साली लिंकन ब्राउअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोनार्कच्या अळ्यांची अशी पैदास तयार केली की त्या चक्क कोबीवर वाढल्या. कोबीवर वाढलेली मोनार्क फुलपाखरं ब्लू जे पक्ष्यांनी खुशाल खाल्ली. विषारी मिल्कवीडवर (रुईच्या कुळातलं चिकाचं झाड) वाढलेली खाल्ली तेव्हा मात्र पक्ष्यांना उलट्या झाल्या, आणि पुढे ते नुसत्या रंगावरून मोनार्क टाळू लागले. फुलपाखरू तेच, रंग तेच, बदललं फक्त अळीचं जेवण. विष फुलपाखराचं स्वतःचं नसतं, झाडाचं असतं, हे यापेक्षा स्वच्छ कसं दाखवणार? पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, मिरियम रॉथ्सचाइल्ड आणि ताडेउश राइकश्टाइन यांच्या गटाने मोनार्कच्या शरीरातून ही हृदयविषं प्रत्यक्ष वेगळी काढून दाखवली. राइकश्टाइन यांना कॉर्टिसोनच्या कामासाठी १९५० चं नोबेल मिळालेलं होतं. एवढ्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाने फुलपाखरांवर वर्षं घालवली याचं मला फार अप्रूप आहे.

कॉमन क्रोचं गणित वेगळं आहे. ते प्रतिसादांत लिहितो, कारण तुमचे अनुभवही हवे आहेत.

मृण्मयी_ब

वाचनखूण साठवली. कोबीवरच्या मोनार्कचं ठाऊक नव्हतं.

एक शंका. ते विष पक्ष्याचा पंप बंद पाडतं, मग अळीचा का नाही पाडत? तिच्याही पेशींत तोच पंप असणार ना?

रानवाट्या

मृण्मयीताई, नेमक्या जागी बोट ठेवलंत.

मोनार्कने पंपाचं कुलूपच बदललं आहे. पंप हे प्रथिन, म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. विष जिथे बसतं त्या खोबणीजवळचं १२२ क्रमांकाचं अमिनो आम्ल बहुतेक कीटकांत अ‍ॅस्परजिन असतं, मोनार्कमध्ये हिस्टिडिन आहे. तेवढ्यानं विष नीट बसत नाही आणि पंप चालू राहतो. १११ आणि ११९ या जागांवरही बदल आहेत. थक्क करणारी गोष्ट अशी, की विषारी चिकाच्या झाडांवर जगणारे भुंगेरे, ढेकण्या, माश्या यांच्यातही याच मोजक्या जागांवर बदल सापडले. हे सगळे एकमेकांपासून कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झालेले कीटक, आणि तरी वाट तीच.

२०१९ मध्ये बर्कलीच्या नोआ व्हाइटमन यांच्या गटाने फळमाशीत क्रिस्परने (जनुकात हवा तो बदल करण्याचं तंत्र) हे तीन बदल एकामागून एक केले. तिन्ही बदल झालेल्या माश्या मोनार्कइतकं विष सहन करू लागल्या. शिवाय त्यांच्या अंगात थोडं विष कोषावस्था ओलांडून प्रौढ माशीपर्यंत टिकलं. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. १२२ चा बदल एकटाच केला तर माशी विष सहन करते, पण नुसती जोरात हलवली तरी लुळी पडते, मज्जासंस्था बिघडते. ११९ चा बदल सोबत असला की तो त्रास कमी होतो. म्हणजे विषाला दाद न देणारा पंप फुकट मिळत नाही, त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती कमी करणारा दुसरा बदल बरोबर असावा लागतो.

अभिजित_कोरेगाव

आम्ही शेतात हिरवळीच्या खतासाठी ताग करतो. तागावर पांढुरकं, नारिंगी आणि काळ्या ठिपक्यांचं एक पाखरू दिवसाढवळ्या उडतं. अळी केसाळ, शेंगा पोखरते. बियाण्यासाठी ठेवलेल्या तागाचं बरंच नुकसान करते. बाकी पतंग रात्री दिसतात, हे दिवसा बिनधास्त कसं फिरतं याचं कायम नवल वाटायचं. हा त्यातलाच प्रकार का?

रानवाट्या

अभिजितदादा, शंभर टक्के त्यातलाच. त्याचं नाव युटेथिसा. तागात आणि खुळखुळ्यात (दोन्ही एकाच क्रोटॅलेरिया वंशातले) पायरोलिझिडिन अल्कलॉइड नावाची विषं असतात. हे कार्डेनोलाइडपेक्षा वेगळं रसायन. अळी ते खाते, साठवते आणि प्रौढ पतंगाच्या अंगात ते उतरतं. पाखरू दिवसा उघड फिरतं ते याच भरवशावर.

युटेथिसाच्या अमेरिकी जातीवर कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस आयझनर यांनी आयुष्यभर काम केलं. हा पतंग जाळ्यात सापडला तरी मोठा कोळी त्याला खात नाही. तो जवळ येतो, तपासतो, आणि भोवतीचे धागे स्वतः तोडून पतंगाला सोडून देतो. प्रयोगशाळेत अल्कलॉइड नसलेल्या आहारावर वाढवलेले पतंग जाळ्यात टाकले की तोच कोळी ते खाऊन टाकतो.

आणि याही पुढची गोष्ट. मीलनाच्या वेळी नर शुक्राणूंबरोबर अल्कलॉइडही मादीला देतो. मादी स्वतःचा आणि नराने दिलेला साठा अंड्यांत घालते. अंड्यांना विषाचं कवच आई आणि बाप दोघांकडून मिळतं. नराचा गंधही याच अल्कलॉइडपासून बनतो, त्यामुळे कोणाकडे साठा जास्त आहे हे मादीला वासावरून कळतं, आणि ती तसा नर निवडते.

अभिजित_कोरेगाव

कोळी स्वतः जाळं तोडून सोडतो हे वाचून अंगावर काटा आला. धन्यवाद. घरच्यांना वाचून दाखवलं.

सह्यभटक्या

लेख आवडला, पण एक मुद्दा मांडतो. मी स्वतः वेडा राघू टायगर पकडून फांदीवर आपटून खाताना पाहिला आहे. एकदा नाही, बरेचदा. मग हे "पक्षी खात नाहीत" कितपत खरं?

रानवाट्या

सह्यभटक्या, तुमचं निरीक्षण बरोबरच आहे आणि ते या विषयात बसतंही.

एक, सगळे टायगर सारखे विषारी नसतात. कुठल्या झाडावर अळी वाढली, त्या झाडात किती विष होतं, यावर साठा ठरतो. एकाच परिसरात एक फुलपाखरू उलटी करायला लावेल आणि शेजारचं निर्धोक असेल. ब्राउअर यांनीच हे चांगलं दाखवलं होतं. निर्धोक असलेल्याला विषारी शेजाऱ्याच्या बदनामीचा फायदा मिळतो.

दोन, काही भक्षकांनी तोड काढली आहे. मेक्सिकोतल्या थंडीच्या मुक्कामी काळ्या डोक्याचा ग्रोसबीक आणि काळ्या पाठीचा हळद्या मोनार्क मोठ्या संख्येने मारतात. हळद्या पोट फाडून आतला कमी विषारी भाग खातो. ग्रोसबीक जवळजवळ सगळं खातो, आणि त्याच्याच पंपात मोनार्कसारखे बदल सापडल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या वेड्या राघूबद्दल असा अभ्यास माझ्या वाचनात नाही, पण तुमच्यासारख्यांनी तारखेसह नोंदी ठेवल्या तर त्या मोलाच्या ठरतील.

तीन, परोपजीवींना हे विष फारसं अडवत नाही. प्लेन टायगरच्या अळ्या घरी वाढवून बघा, कोषातून फुलपाखराऐवजी टॅकिनिड माश्या निघण्याची वेळ येते.

डॉ_अश्विनी

थोडं विषयाला धरून, थोडं काळजीपोटी. मुलांना रुईवरच्या अळ्या दाखवायला नेता तेव्हा चीक डोळ्यांत जाणार नाही हे बघा. रुईच्या चिकाने बुबुळाला सूज येते आणि दृष्टी अंधूक होते. फसवं असं की वेदना कमी असतात, त्यामुळे लोक उशिरा येतात. चीक गेला तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवून लगेच नेत्रतज्ज्ञाकडे.

टोरांटोकर

आमच्या परसात मुद्दाम मिल्कवीड लावलं आहे. दर उन्हाळ्यात मोनार्क येतात. मुलीच्या शाळेत अळ्या वाढवून सोडायचा कार्यक्रम असतो. इथे सगळे "मोनार्क विषारी" म्हणतात, पण कॉमन क्रोचं तुम्ही पुढे लिहितो म्हणालात ते अजून आलं नाही! पुण्याला आजीच्या दारातल्या कण्हेरीवर त्याचे चांदीसारखे कोष लटकायचे. त्या फुलपाखराचं नक्की काय आहे?

रानवाट्या

आलो त्यावरच. धागा काढला तो यासाठीच.

कण्हेरीतही कार्डेनोलाइड असतात आणि ती जबर असतात. पण २०१५ मध्ये गेऑर्ग पेट्शेंका आणि अनुराग अग्रवाल यांनी टायगर-क्रो कुळातल्या जातींची तुलना केली. कॉमन क्रोचा पंप साधा निघाला. मोनार्कचे बदल त्यात नाहीत, विष थेट पंपाशी पोचलं तर तो बंद पडतो. आणि तरीही अळी कण्हेर खाऊन ठणठणीत राहते, कारण ती विष आतड्यातून रक्तात येऊच देत नाही. येत नाही म्हणून साठतही नाही. ज्या जातींनी विष रक्तात घेऊन अंगात साठवायला सुरुवात केली, त्यांच्यातच पंप बदललेला दिसतो.

मला हाच सगळ्यात महत्त्वाचा निष्कर्ष वाटतो. विषारी झाड खाऊन जगायला पंप बदलावा लागत नाही. आतड्याची भिंत पक्की ठेवली, विष मोडून टाकलं, विष्ठेतून बाहेर काढलं, तरी भागतं. विष शस्त्र म्हणून जवळ ठेवायचं असेल तेव्हा मात्र सगळ्या शरीराला त्यासोबत जगावं लागतं, आणि तिथे बहुधा पंप बदलावा लागतो. पचवणं आणि साठवणं या दोन निराळ्या कला आहेत. कण्हेरीवरच वाढणारा तो मोठा हिरवा ओलिअँडर हॉक मॉथ घ्या. त्याचाही पंप साधाच, पण मज्जासंस्थेभोवतीचं आवरण विषाला आत येऊ देत नाही.

आता क्रोच्या अळ्या वड-उंबरावरही वाढतात, आणि त्या झाडांत हे हृदयविष नसतंच. तरी प्रौढ क्रो पक्षी टाळतात. मग त्याचं संरक्षण आलं कुठून? ते प्रौढ झाल्यावर गोळा केलेलं असतं. पावसाळा सरता सरता खुळखुळ्याच्या शेंगांवर, भुरुंडीच्या वाळक्या फांद्यांवर टायगर आणि क्रो यांची झुंबड उडते. मध नसतो तिथे. पायांनी खरवडून, सोंडेतून थेंब सोडून ओलं करून ते अल्कलॉइड शोषून घेतात. म्हणजे अभिजितदादांच्या तागातल्या पतंगाचंच रसायन, फक्त अळीऐवजी प्रौढाने मिळवलेलं. गर्दीत नर जास्त असतात, कारण मादीला आकर्षित करण्याचा गंध त्यांना याच्यापासूनच बनवायचा असतो. पोटाच्या टोकातून ते जे पिवळसर केसांचे झुबके बाहेर काढतात, ते हा गंध पसरवण्यासाठी. मीलनात हे अल्कलॉइड मादीकडे आणि अंड्यांकडेही जातं.

तेव्हा टोरांटोकर, आजीच्या दारातली कण्हेर क्रोला वाढवत होती. शस्त्र मात्र त्याने रानातून आणलेलं होतं.

मृण्मयी_ब

आमच्या गच्चीवर भुरुंडी उगवली की मी उपटून टाकायचे. आता ठेवणार.

अजून एक: मग ज्यांच्याकडे काहीच विष नाही अशी फुलपाखरं या रंगांची नक्कल करतात ती कोणती? कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉनच्या अळ्या असतात. त्यातून कधी काळं-पांढरं फुलपाखरू निघतं, कधी लाल ठिपक्यांचं. जात एकच ना?

रानवाट्या

एकच. कॉमन मॉरमॉनच्या माद्या तीन रूपांत येतात. एक नरासारखी, एक कॉमन रोझसारखी, एक क्रिमझन रोझसारखी. दोन्ही रोझ फुलपाखरांच्या अळ्या सापसंद खातात आणि तिच्यातली अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लं साठवतात, त्यामुळे ती खरोखर विषारी. मॉरमॉन लिंबू-कढीपत्ता खाऊन वाढतं, त्याच्याकडे तसलं काही नाही. २०१४ मध्ये बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतले कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ही सगळी नक्कल डबलसेक्स नावाच्या एका जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांवर चालते. जे जनुक मुळात नर-मादी भेद ठरवतं, त्याच्यावरच पंखांची अख्खी नक्षी बेतलेली.

प्लेन टायगरचीही अशीच नक्कल होते. डॅनाइड एगफ्लायची मादी हुबेहूब टायगर दिसते, नर मात्र काळा आणि पांढऱ्या मोठ्या ठिपक्यांचा.

डॉ_अश्विनी

सापसंदीचं नाव आलं म्हणून लिहिते. अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाने माणसाची मूत्रपिंडं कायमची निकामी होतात आणि मूत्रमार्गाचा कर्करोग होतो हे सिद्ध आहे. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या औषधातून हे वनस्पतीविष पोटात गेलेल्या अनेक स्त्रियांची मूत्रपिंडं गेली. फुलपाखरांसाठी बागेत वेल जरूर लावा, पण कोणी काढा सांगितला तर घेऊ नका.

खुळखुळ्याचंही तसंच. १९७० च्या दशकात सरगुजा (आजच्या छत्तीसगडमधल्या) भागात धान्यात क्रोटॅलेरियाच्या बिया मिसळल्या जाऊन यकृताच्या आजाराची साथ आली होती, माणसं दगावली. हेच अल्कलॉइड. पतंग ते निरुपद्रवी रूपात साठवतो, आपलं यकृत मात्र त्याचं घातक रूप तयार करतं.

अभिजित_कोरेगाव

हे आम्हा शेतकऱ्यांना माहीत असायलाच हवं, गुरांच्या दृष्टीनंही. बियाण्याच्या तागाच्या शेंगा गुरांच्या तोंडी लागू द्यायच्या नाहीत हे वडील सांगायचे. कारण आज कळलं.

रुईवरच्या रंगीत टोळाबद्दलही लिहा. पिवळा, निळा-हिरवा, भारी रंगाचा असतो. लहानपणी आम्ही तो पकडायचो तर पिचकारी मारायचा.

रानवाट्या

त्याला पेंटेड ग्रासहॉपर म्हणतात. त्याची पिल्लं धरली की पाठीवरून द्रव उडवतात. याच वंशातल्या, पश्चिम आशियातल्या टोळाच्या अशाच द्रवात १९६७ साली राइकश्टाइन-रॉथ्सचाइल्ड यांच्याच गटाला कार्डेनोलाइड सापडली होती. तेव्हा मुलांना सांगा, पिल्लू हातात धरलं तर तोंडासमोर नको.

रुईच्या एकाच झाडावर हा टोळ, टायगरची अळी, लाल-काळी ढेकणी आणि पिवळा मावा असे चौघे मिळू शकतात. चौघांचे पूर्वज वेगळे, तोंडाची रचना वेगळी (दोघे चावतात, दोघे सोंडेने शोषतात), तरी चौघेही अंगावर भडक रंग मिरवतात. त्यातला मावा शेतकऱ्यांनी जरूर बघावा. कोबीवरच्या मेणचट राखाडी माव्याची गोष्ट तर आणखी पुढची. तो कोबीतली ग्लुकोसिनोलेट नावाची रसायनं साठवतो आणि ती फोडणारं विकर स्वतःच्या स्नायूंत वेगळं बनवून ठेवतो. चिरडला गेला की दोन्ही एकत्र येतात आणि मोहरीचं जहाल तेल तयार होतं. काही ढालकिड्यांच्या अळ्या हा मावा खाऊन मरतात, सात ठिपक्यांच्या ढालकिड्याला मात्र तो चालतो. मित्रकीटक सोडताना मावा कोणता आणि ढालकिडा कोणता हे बघावं लागतं ते यासाठी.

सह्यभटक्या

वेड्या राघूच्या नोंदी ठेवायला सुरुवात करतो. काय काय लिहू?

रानवाट्या

तारीख, जागा, पक्षी, फुलपाखराची जात (फोटो असल्यास उत्तम). मुख्य म्हणजे पक्ष्याने ते गिळलं, नुसते पंख तोडून पोट खाल्लं, की चोच पुसून टाकून दिलं. टाकून दिलेले पंख सापडले तर तेही उचलून ठेवा, त्यावरचे चोचीचे व्रण कामाचे असतात. शक्य झाल्यास आजूबाजूला रुई, हळदकुंकू (रुईच्या कुळातलं फुलझाड), खुळखुळा यातलं काय आहे तेही लिहा.

मृण्मयीताई, भुरुंडी ठेवताय तर एक करून बघा. काही फांद्या तोडून वाळवा आणि पाऊस उघडला की सावलीत दोरीला टांगा. ताज्यापेक्षा वाळक्या फांदीवर टायगर-क्रो जास्त येतात. आलेल्यांचे फोटो इथेच टाका, नर-मादी ओळखून देतो.